न विचारण्याची रीत

युरेका गावात लेनोरा हॅस्किन्सला सगळे ओळखत ते कपडे उसवून बेतून देणारी बाई म्हणून. ड्रायक्लीनरच्या दुकानात, इस्त्रीच्या वाफेपलीकडे, खिडकीशी तिचं शिलाई मशीन होतं. तोंडात टाचण्या धरून ती गिऱ्हाइकाशी बोलायची, आणि तरी तिचं बोलणं कळायचं. कोणाच्या लग्नाचा सूट, कोणाच्या वाढत्या पोटाची पॅंट, कोण्या पोरीचा नाचाचा झगा. माणूस किती बदललं हे तिला त्याच्या आईच्या आधी समजे, पण ती बोलत नसे.

हीच लेनोरा रविवारी संध्याकाळी सोफे दुरुस्त करणाऱ्या एका दुकानाच्या माडीवर जाई. तिथे त्यांचं मंडळ भरायचं. गावातले लोक त्याला सैतानाची शाळा म्हणत. खेकडे पकडणारी पोरं टिंगलीने उघड्यांचा क्लब म्हणत. मंडळातले स्वतःला डाव्या वाटेचे, म्हणजे चर्चच्या उजव्या वाटेने न जाणारे, म्हणवत. दिसायला मात्र तुमच्याआमच्यासारखेच. एक दाताच्या दवाखान्यात कामाला, एक जोडपं गाजरं-बीट पिकवून बाजारात विकणारं, आणि मंडळाचा मुख्य ऑगी टिबेट्स हा शाळेची बस चालवून निवृत्त झालेला, दाढीवाला, पाव उत्तम भाजणारा गृहस्थ.

त्यांचं म्हणणं असं, की प्रत्येकाच्या आत त्याची स्वतःची एक खरी इच्छा असते. ती शोधायची, आणि सापडली की तिच्या आड कोणाला येऊ द्यायचं नाही. तसंच दुसऱ्याच्या इच्छेच्या आड आपणही जायचं नाही. शरीर हे देऊळ, आणि बाई-पुरुषाचं एकत्र येणं ही त्या देवळातली पूजा. ऐकायला कसंतरी वाटतं खरं. पण लेनोराला तिथे जे मिळालं ते तिला बापाच्या चर्चमध्ये मिळालं नव्हतं, हेही खरंच.

तिच्या आईने मुलींना अंगात शेमीज ठेवून आंघोळ करायला शिकवलं होतं. आपलंच अंग आपण पाहू नये म्हणून. पुढे लग्न झालं ते लाकडाच्या गिरणीतल्या ड्वाइट हॅस्किन्सशी. माणूस वाईट नव्हता. पण सगळ्या संसारात ड्वाइटने पलंगावर जवळ येताना टीव्ही कधी बंद केला नाही. आवाज कमी करायचा, तेवढीच काय ती लाडीगोडी. एका उन्हाळ्यात तो मासेमारीच्या कामावर अलास्काला गेला आणि तिकडेच राहिला. लेनोराला वाईट वाटण्याऐवजी घर शांत झाल्यासारखं वाटलं, आणि मग त्याचंच तिला वाईट वाटलं.

मंडळात ती आली ती झगे शिवायला. तेव्हा मंडळ हेस्टर नावाच्या म्हातारीच्या हाती होतं. हेस्टर काठी टेकत दुकानात आली, काळं कापड टेबलावर टाकलं आणि म्हणाली, "पोरी, माप घेताना तू लोकांच्या अंगाकडे बघतेस ते मला आवडतं. लाजत नाहीस आणि टोचतही नाहीस." असं कोणी तिला कधी म्हटलं नव्हतं. झगे शिवून झाले तरी ती जात राहिली.

काही वर्षांनी हेस्टरनेच तिची जोडी वेंडेल प्रूइटशी लावून दिली. लग्नाची नव्हे, पूजेची. वेंडेल बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. उंच, कमी बोलणारा, एकटा. ऋतू पालटला की वर्षातून चार वेळा ही दोघं माडीवरच्या मागच्या खोलीत बसत. त्या दिवशी दुपारपासून उपास, मग आंघोळ, धुतलेले कपडे. खोलीत एक गालिचा, एक तेलाचा दिवा आणि ऊद. आधी इच्छा ठरायची. ती एका खुणेत बांधून कागदावर काढायची. मग बोलणं बंद. पुढचं सगळं त्या खुणेवर मन ठेवून, देवापुढे बसावं तसं. झालं की कागद दिव्यावर धरायचा आणि त्या इच्छेचं नाव पुन्हा काढायचं नाही, फळ आलं का म्हणून वाट बघायची नाही.

गिरणी बंद पडली तेव्हा त्यांनी गावासाठी मागितलं. ऑगीच्या डोळ्यासाठी मागितलं. एकदा लेनोराने तिच्या आईसाठी मागितलं, की तिला मरताना स्वतःची लाज वाटू नये. वेंडेलने मान हलवली आणि खूण काढायला पेन्सिल तिच्या हातात दिली. ती त्या रात्री घरी जाऊन खूप रडली. दुःखाने नव्हे. आपल्या आईसाठी एका परक्या माणसाने आपलं सगळं अंग आणि मन एकवटलं, हे तिच्या छातीत मावत नव्हतं.

हेस्टरचा नियम कडक होता. मागच्या खोलीतलं नातं मागच्या खोलीतच. बाहेर जेवणखाण नाही, फोन नाही, एकमेकांच्या घरी पाऊल नाही. स्वयंपाकघरात शिरलं की खरकटं, बिलं आणि रुसवे आलेच, मग पूजा कसली उरते, असं ती म्हणायची. लेनोराला हे शंभर टक्के पटलं होतं. संसारात काय होतं ते तिने पाहिलं होतं. बाजारात वेंडेल दिसला तर दोघं नुसती मान हलवत. तो कांदे निवडत असे, ती पाव घेत असे, आणि दोघं आपापल्या गाडीत बसून जात. अठरा-एकोणीस वर्षं असंच चाललं.

आणि दुसरी रीत होती न विचारण्याची. कोणी यायचं थांबलं तर का म्हणून विचारायचं नाही. न येणं हीही त्याची इच्छाच. विचारणं म्हणजे तिच्या आड येणं.

त्या वर्षी सप्टेंबरात दिवस-रात्र सारखे झाले त्या संध्याकाळी लेनोरा मागच्या खोलीत दिवा लावून बसली आणि वेंडेल आला नाही.

ऊद जळून गेला. खाली दुकानदाराने शटर ओढलं. ती बाहेर आली तेव्हा ऑगी खुर्च्या रचत होता.

"आला नाही?"

"नाही."

ऑगीने खुर्ची हातात तशीच धरली. "त्याची इच्छा."

"हो. त्याची इच्छा," लेनोरा म्हणाली, आणि झगा घडी करून पिशवीत घातला.

घरी जाऊन तिने उपास सोडायला सूप गरम केलं आणि ते शेगडीवरच राहिलं. पुढचे आठवडे ती स्वतःलाच उसवत बसली. आपला गुडघा आता कुरकुरतो, म्हणून असेल. आपलं वय झालं, म्हणून असेल. का त्याला दुसरी कोणी मिळाली, संसाराची? मिळाली तर बरंच आहे, असं ती मोठ्या मनाने म्हणायची, आणि मग कुणाचा तरी शिवण चुकलेला कोट इतक्या जोरात उसवायची की कापड फाटायचं. एकदा गाडी काढून बंदरावरच्या पुलापर्यंत गेली. पुलावरून त्याचं वर्कशॉप दिसतं. तिथून ती परत फिरली. मंडळातही कोणी त्याचं नाव काढलं नाही. सगळ्यांनी त्याला मोठ्या आदराने मोकळं सोडलं होतं.

नोव्हेंबरात, धुकं दुपारपर्यंत हलत नव्हतं अशा एका दिवशी, दुकानात एक ठेंगणी म्हातारी शिरली. डोक्यावर प्लॅस्टिकची टोपी, हातात कपड्यांचा बोजा. तिने तो लेनोरापुढे आदळला.

"शिंपीणबाई, ह्या पॅंट कमरेत घ्यायच्यात. आणि बटणं, चेनी सगळं काढून ती चिकटपट्टी लावा, चर्र करून उघडते ना, ती. एका हाताने उघडली पाहिजे. डाव्या."

"कोणासाठी?"

"भावासाठी. अर्धांग गेलंय. पॅंट ओढता ओढता माझी कंबर जायची वेळ आलीय, आणि मी काही आता विशीतली नाही, दिसत असले तरी!"

लेनोराने वरची पॅंट उलटी केली. गुडघ्याशी ग्रीसचा डाग होता, कितीही धुतला तरी न गेलेला. तिच्या तोंडात टाचण्या होत्या. तिने त्या एकेक करून काढून ठेवल्या.

"कधी झालं?"

"सप्टेंबरात. दारातच पडला होता. दुसऱ्या दिवशी एक खेकडेवाला इंजिन घेऊन आला त्याला दिसला, म्हणून वाचला. आणि नवल सांगते, बाई. आमचा वेंडेल म्हणजे जन्माचा कळकट. पण त्या दिवशी आंघोळ केलेली, पांढरा शर्ट, नखंसुद्धा घासलेली! दुपारचा डबाही तसाच भरलेला. कुठे निघाला होता देव जाणे."

लेनोराने मशीनची कड धरली. वाफेचा फुसकारा आला आणि गेला.

"आणि हे बघा," म्हातारीने बोज्यातून काळा झगा ओढून काढला. "कपाटात होता. हा जज्ज नाही, पाद्री नाही. गाणाऱ्यांच्यात असेल म्हणावं तर आवाज बेडकाचा. काय असेल हो हे?"

तो झगा लेनोराच्या हातचा होता. खांद्यावरची दुहेरी शिवण तिची.

"शिवण चांगली आहे," ती म्हणाली.

"म्हणून तर फेकला नाही. मांडीवर टाकायला पांघरूण होईल का त्याचं? गुरुवारपर्यंत द्या सगळं. शुक्रवारी त्याला घेऊन चालले मी, नेब्रास्काला. माझ्याकडे खोली आहे, चर्चच्या बायका येऊन जाऊन असतात. इथे कोण आहे त्याला? दोन महिने झाले, एक माणूस फिरकला नाही. एक फोन नाही."

"त्यांना जायचंय का?"

"विचारू कसं? बोलता कुठे येतंय? सगळं कळतं पण शब्द येत नाही." म्हातारीने नाक पुसलं. "मी बर्निस. पावती त्याच नावाने करा."

त्या संध्याकाळी लेनोरा थेट ऑगीच्या स्वयंपाकघरात गेली. तो कणीक मळत होता. तिने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. ऑगीचे हात पिठातच थांबले.

"आपण म्हणत होतो, त्याला मोकळं सोडलं," तो म्हणाला. "आणि तो फरशीवर पडला होता."

"तो येत होता, ऑगी. नखं घासून येत होता."

"मी फोन करायला हवा होता."

"मी पुलापर्यंत जाऊन परत आले. मला नको सांगूस." ती खुर्चीवर बसली. "शुक्रवारी नेणार त्याला. मी जाऊ कोण म्हणून? दुसरा कोणी मंडळात आहे हे उघड करायचं नाही, ही आपली शपथ. त्याच्या बहिणीला काय सांगू?"

"त्याच्या वाटची शपथ मला सोडता येत नाही. ती त्याची आहे."

"मग खोटं बोलू?"

"खोटंही नको."

"मग काय मुकी होऊ? एक झालाय तेवढा पुरे नाही का?"

ऑगी कसंनुसं हसला. "पॅंट घेऊन जा. टाचण्या घेऊन जा. शिंपिणीला कोणी तू कोण म्हणून विचारत नाही." मग तो गंभीर झाला. "पण लेनोरा, हेस्टरने नियम उगाच नव्हता केला. त्याला तुझ्या घरी आणायचं मनात असेल, तर आधी नीट बघ. एकदा त्याचं अंग पुसलंस, भांडं उचललंस, की मागची खोली संपली. ती परत मिळणार नाही."

"माहितेय मला."

"आणि त्याला तू नको असलीस तर?"

तीच तर सगळी भीती होती. एवढी वर्षं जे तिने जपलं ते द्यायला ती निघाली होती, आणि समोरच्याला ते हवंय का हेच तिला ठाऊक नव्हतं.

बुधवारी, कबूल केलेल्या दिवसाच्या एक दिवस आधीच, पॅंट घेऊन ती वेंडेलला ठेवलं होतं त्या शुश्रूषागृहात गेली. वेंडेल खिडकीशी चाकाच्या खुर्चीत होता. अर्धा झाला होता. तिला दारात पाहिलं आणि त्याने मान भिंतीकडे वळवली.

लेनोराचे पाय तिथेच थांबले. झालं, ती मनात म्हणाली. इच्छा कळली. आता फिरावं.

"अगंबाई, घरपोच?" बर्निस पलंगावर कपडे घडी करत होती. पेटी अर्धी भरलेली. "याच्याकडे लक्ष देऊ नका हो. नर्स आली तरी तोंड फिरवतो. लाळ गळते ना, लाजतो."

लाजतो. लेनोरा आत आली.

"मापात आहेत का बघायला लागेल," ती म्हणाली. "उभं करता येईल?"

"दोघी मिळून."

त्यांनी त्याला उभं केलं. लेनोरा गुडघ्यावर बसली, गुडघा कुरकुरला. तिने कमरेशी टाचणी लावली, मग त्याला जरा वळवायला कमरेवर हात ठेवला. तिला वाटलं, आपण कोणाच्याही कमरेवर ठेवतो तसाच ठेवला. पण वेंडेलचं ताठलेलं अंग त्या हाताखाली सैल झालं आणि तिला हवं तिकडे वळलं.

बर्निस बघत होती. त्याला परत बसवल्यावर तिने हातातला शर्ट पेटीत न ठेवता मांडीवर ठेवला.

"शिंपीणबाई, तुम्ही कोण ह्याच्या?"

"मी पॅंट..."

"पॅंटचं ठेवा बाजूला. माझा नवरा जाऊन सहा वर्षं झाली. त्याच्याआधी बत्तीस वर्षं मी नांदले. असा हात काय असतो ते मला कळतं."

लेनोराने टाचण्यांची डबी बंद केली. शपथ मोडायची नव्हती, खोटं बोलायचं नव्हतं. जे उरलं ते तिने सांगितलं.

"आम्ही एकत्र प्रार्थना करायचो."

"कुठल्या चर्चात?"

"ते मला सांगता येत नाही."

"म्हणजे झग्यावाल्या." बर्निसने आढ्याकडे पाहिलं. "प्रभू येशू! आणि दोन महिने कुठे होता ही प्रार्थना?"

"तो आला नाही, तेव्हा मला वाटलं त्याला कोणी नकोय. आमच्यात विचारत नाहीत."

"आमच्यात विचारून विचारून जीव खातात," बर्निस म्हणाली. "मला वाटलं ह्याला कोणीच नाही, म्हणून एवढ्या लांब आले. तुम्हाला वाटलं ह्याला कोणी नको. शाबास दोघींची! आणि हा बसलाय मधे, गाठोड्यासारखा."

लेनोरा उठली आणि खुर्ची ओढून वेंडेलच्या समोर बसली, भिंत आणि तो यांच्या मधे, म्हणजे त्याला दुसरीकडे वळायला जागा राहू नये. त्याच्या हनुवटीवर ओघळ होता. तो तिने पुसला नाही. अजून तिला तो हक्क नव्हता.

"वेंडेल, मी अंदाज करून एकदा चुकले. आता विचारते," ती म्हणाली. "माझं घर तळमजल्यावर आहे. जागा आहे. मागच्या खोलीसारखं काही राहणार नाही, ते तुलाही कळतं. तुला बहिणीकडे जायचं असेल, किंवा मी नकोच असेन, तर डोळे मीट. मी उठून जाईन आणि पुन्हा विचारणार नाही."

वेंडेलने तिच्याकडे पाहिलं. पाहतच राहिला. बाहेर कोणीतरी ढकलगाडी नेली, तिचा खडखडाट दूर गेला. त्याचे डोळे लाल झाले, मग भरले, मग पाणी गालावरून खाली आलं.

"रडवलंत त्याला," बर्निस पुढे आली.

"रडत नाहीये," लेनोरा म्हणाली. "पापणी मिटू देत नाहीये."

बर्निस वाकून त्याच्या तोंडाजवळ तोंड नेऊन बघत राहिली. खरंच होतं. तो सगळा जोर लावून डोळे उघडे ठेवत होता, जबडा थरथरत होता.

"अरे मीट रे बाबा, मीट आता! कळलं आम्हाला," बर्निस म्हणाली. मग ती पलंगाकडे गेली आणि पेटीतले शर्ट बाहेर काढू लागली.

ती शुक्रवारी गेली नाही. डिसेंबर लागेपर्यंत राहिली. खुर्चीतून पलंगावर कसं घ्यायचं, घास कोणत्या गालात द्यायचा, लेनोराला सगळं शिकवलं, आणि गोळ्या जेलीत लपवून द्यायचं तिचं खास तंत्रही. जाताना दारात म्हणाली, "त्या तुमच्या झग्यावाल्यांचं मला काही पटत नाही. पण तुमच्यासाठी रोज प्रार्थना करीन."

"मला चालेल," लेनोरा म्हणाली. "मला लागेल."

मागच्या खोलीची किल्ली तिने ऑगीला परत दिली. ती आता गाजरवाल्या जोडप्यातल्या कोणाकडे गेली, का आणखी कोणाकडे, तिने चौकशी केली नाही. मंडळात मात्र एक बदल झाला. रविवारी कोणी आलं नाही तर सोमवारी सकाळी ऑगी त्याच्या दाराशी पाव घेऊन उभा असे. काहींना ते आवडलं नाही. एकाने तर हे डाव्या वाटेचं नव्हे, म्हणून मंडळ सोडलं. त्याच्याकडेही ऑगी पाव घेऊन गेला.

घरी मात्र ऑगी म्हणाला होता तेच झालं. पहिले काही आठवडे वेंडेलचं अंग म्हणजे नुसतं ओझं होतं. उचलायचं, वळवायचं, पुसायचं. लेनोराच्या पाठीत चमक भरायची आणि पूजाबिजा काही आठवायचंही नाही. एका संध्याकाळी त्याने जेवणाआधी छातीवर गळपट्टा बांधून घ्यायला नकार दिला आणि चांगल्या हाताने सूपचा वाडगा ढकलला. सूप त्याच्या मांडीवर, तिच्या बुटांवर, भिंतीवर.

"सांड! सगळं सांड!" ती ओरडली. "राजा आहेस ना मोठा! दुकानातून उभी येते, इथे उभी राहते, आणि तुला लाज कशाची वाटते? गळपट्ट्याची?"

वेंडेलच्या तोंडून एक आवाज आला. शब्द नव्हता, पण शिवीच होती, त्यात शंका नाही. एवढ्या वर्षांत त्यांचं भांडण असं कधी झालंच नव्हतं. दोघंही जरा चकित होऊन एकमेकांकडे बघत राहिली.

मग तिने त्याला न्हाणीत नेलं, स्टुलावर बसवलं आणि कोमट पाणी सोडलं. मांडीवरचं सूप धुतलं. पाय धुवायला ती खाली बसली, अजून रागातच, साबण जरा जास्तच जोरात घासत. तेवढ्यात त्याचा ओला डावा हात तिच्या डोक्यावर आला. घसरला, परत आला, आणि मग तिथेच राहिला.

लेनोराने मान वर केली नाही. साबण हातातून सुटून नळाखाली गेला. ती तशीच बसून राहिली, कपडे भिजत होते तरी. बऱ्याच वेळाने पाणी गार पडलं, त्याला शिरशिरी आली, तेव्हा ती भिंतीचा आधार घेत उठली आणि टॉवेल आणायला गेली.